चाकात कोंडलेला वारा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी माळा उतरवण्याचा एक समारंभ होत असतो. हुकूम सौभाग्यवतींचा, शिडी धरण्याचे काम माझे आणि शिडीवर चढण्याचा मान नातवाचा. यंदा या समारंभात एक फुटका आकाशकंदील, बिनदांडीची छत्री आणि आईच्या वेळचे पितळी घंगाळ यांच्या पाठोपाठ एक रबरी उशी खाली आली. रंग उडालेला, कोपरे झडलेले, आणि हात लावावा तिथे पिवळा भुगा. मी ती थेट केराच्या टोपलीकडे नेत होतो, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती टाकू नका हं! डनलॉपची उशी आहे ती. माझ्या लग्नातली!"

"आजी, डनलॉप हे उशीचं नाही, टायरचं नाव आहे," शिडीवरून नातू म्हणाला. "शर्यतीच्या गाड्यांच्या टायरवर असतं. मी चित्रात पाहिलंय."

"तुझं आपलं काहीतरीच! डनलॉप म्हणजे गादी आणि उशी. आमच्या लहानपणी साऱ्या आळीला ठाऊक होतं."

शेजारचे वकील दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची वर्गणी मागायला आले होते. त्यांना वाद म्हटला की राहवत नाही. ते म्हणाले, "वहिनी, डनलॉप म्हणजे करार! डनलॉप विरुद्ध सेल्फ्रिज, सन १९१५. या खटल्यानं मला लॉ कॉलेजात रडवलं आहे."

गंमत अशी, की तिघांचेही म्हणणे खरे होते. रबराचा चीक फेसाळून त्याची मऊ गादी करण्याची युक्ती १९२९ च्या सुमारास याच कंपनीत निघाली. आपला टायर ठरलेल्या किमतीहून स्वस्त विकला म्हणून दुकानदाराला कोर्टात खेचणारीही हीच कंपनी. आणि शर्यतीचे म्हणाल, तर या कंपनीचा जन्मच मुळी एका शर्यतीतून झाला. वर्गणी देऊन वकिलांना निरोप दिला आणि मी पंख्याखाली बसलो. या सदराला विषय मिळाला होता. सौभाग्यवतींच्या दृष्टीने मात्र ते काम टाळण्याचे नवे निमित्त होते.

आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव बसवतात. ती तापवून, घणाने ठोकून, पाणी ओतून आवळली, की चाक पिढी-दोन पिढ्या हलत नाही. हलतो तो आत बसलेला माणूस! जिने लहानपणी मामाच्या गावाला अशा गाडीतून प्रवास केला असेल, तिला पाठीच्या मणक्यांची संख्या शाळेत शिकवावी लागत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेतही तीच तऱ्हा. गाड्यांना लोखंडी धावा आणि सायकलींना भरीव रबराच्या. रस्ते दगडी फरसाचे. दगड आला की अख्खे चाक वर उचलले जायचे आणि दाणकन खाली यायचे.

आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर राहत असे. मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १८४० चा, धंद्यात उत्तम जम बसलेला. दाढी छातीपर्यंत रुळणारी, स्वभाव भिडस्त, आणि हाताने काहीबाही करून पाहण्याची खोड. त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला, जॉनीला, तीनचाकी सायकल घेऊन दिलेली होती. पोराने तक्रार केली, की दगडी रस्त्यावर ती फार हादरते आणि इतर मुले पुढे निघून जातात. बापाने 'जरा सावकाश चालव' असे सांगून विषय मिटवला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. (मी तसेच सांगितले असते.) पण डनलॉपने लाकडाची एक गोल तबकडी घेतली, तिच्या कडेला पातळ रबराची नळी गुंडाळली, वरून कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकून बसवली आणि चेंडू फुगवण्याच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात उभे राहून त्याने आधी भरीव रबराचे चाक घरंगळत सोडले. ते अर्ध्या वाटेत कलंडले. त्यानंतर आपली तबकडी सोडली. ती अंगण ओलांडून पलीकडच्या दारावर जाऊन आपटली आणि वर उसळली.

मला या साऱ्या कहाणीत हा क्षण फार आवडतो. दारावर आपटलेल्या त्या चाकाने सांगितले, की हवेचे चाक नुसते मऊ नाही, ते वेगवान आहे. मऊपणा आणि वेग एकत्र नांदतात हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. भरीव चाक दगडावर चढते आणि चढण्यात आपली शक्ती खर्च करते. हवेचे चाक दगड गिळते आणि पुढे जाते. १८८८ च्या फेब्रुवारीअखेर एका रात्री जॉनी आपली नवी तीनचाकी घेऊन बेलफास्टच्या रस्त्यावर गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बापाला पेटंट मिळाले.

तरी पण लोक हसले. हसणारच! सायकलीची चाके तेव्हा बोटाएवढ्या जाडीची असत, आणि हे प्रकरण दिसायला फुगलेल्या आतड्यासारखे. विल्यम ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने मात्र धाडस केले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो हे जाडे टायर लावून उतरला. प्रेक्षकांत खसखस पिकली. ह्यूम काही त्या भागातला सर्वांत नामांकित स्वार नव्हता. पण त्या दिवशी तो ज्या चार शर्यतींत उतरला, त्या चारही त्याने जिंकल्या. हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वी ड्यू क्रो नावाच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुलगे हरले की बाप पंचांशी भांडतात, असा आपल्या आंतरशालेय स्पर्धांचा अनुभव आहे. ड्यू क्रो भांडला नाही. तो चाकाकडे पाहत राहिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने डब्लिनमध्ये कंपनी काढली. डनलॉपने पेटंट दिले, ड्यू क्रोने धंद्याची अक्कल दिली.

आणि मग वज्राघात झाला. पुढच्याच वर्षी डनलॉपला सरकारी उत्तर आले, की तुमचे पेटंट ग्राह्य नाही. हवेचे चाक ही कल्पना तुमच्या आधी ४० हून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या नावे नोंदलेली आहे! हा दुसरा माणूसही स्कॉटलंडचाच. रॉबर्ट विल्यम थॉमसन. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८४५ साली, त्याने रबरी कापडाच्या नळीवर चामड्याचे कवच चढवून 'हवेची चाके' केली होती, आणि १८४७ साली लंडनच्या रीजंट पार्कात ती घोडागाडीला लावून चालवून दाखवली होती. एक संच तर १,२०० मैल धावला. पण तेव्हा ना सायकली होत्या, ना मोटारी, ना हवे तसे पातळ रबर. जगाला नको असलेली वस्तू त्याने वेळेआधी आणली, आणि जग ती साफ विसरले. डनलॉपला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

दुसरा कुणी असता तर दुकान बंद करून बसला असता. ड्यू क्रोने हवेवर हक्क सांगण्याचा नाद सोडला आणि हवा कोंडून ठेवण्याच्या युक्त्या विकत घेतल्या. टायरच्या कडेत पोलादी तार घालून तो चाकाच्या कड्यावर घट्ट बसवण्याची वेल्चची युक्ती, आणि कडेला ओठ काढून तो कड्यात अडकवण्याची बार्टलेटची युक्ती, दोन्ही १८९० सालच्या. यामुळे टायर काढता-घालता येऊ लागला आणि पंक्चर ही गोष्ट घरच्या घरी सोडवण्यासारखी झाली. कोपऱ्यावरचा सायकलवाला टायरच्या काठाखाली लोखंडी पट्टी सारून तो ओढून काढतो ना, तेव्हा तारेची ती कडाच तो कड्यावरून चढवून बाहेर काढत असतो. १८९६ साली ही कंपनी हूली नावाच्या एका सटोडियाने ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि तिचे शेअर ५० लाख पौंडांना बाजारात आणले. मधल्या काळात रबरात काय सुधारणा झाली म्हणाल, तर काही नाही. फुगवण्याची कला तेवढी रबरातून कागदात गेली!

या साऱ्या घबाडात जॉन बॉइड डनलॉप कुठे होता? तो तोवर कंपनीतून बाहेर पडला होता. पेटंट गेले, हिस्सा सोडला, उरले ते नाव आणि दाढी. कंपनीने ही दाढी आपल्या टायरचे चिन्ह म्हणून बाजारात मिरवली. पुढे जाहिरातींत ती दाढी एका छेलबटाऊच्या धडावर बसवली: उंच टोपी, पांढरी बंडी, हातात छडी, डोळ्याला एकचष्मा. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या त्या म्हाताऱ्याला हे फार लागले. त्याने स्वतःच्याच नावाच्या कंपनीवर बेअब्रूची फिर्याद केली. प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि तिथेही कंपनीचा बचाव टिकला नाही. हाही खटला कायद्याच्या ग्रंथांत आहे, १९२१ सालचा, डनलॉप विरुद्ध डनलॉप. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो डब्लिनला वारला. आमच्या वकिलांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हा आम्हाला अभ्यासाला नव्हता." नसेल. ज्या खटल्यात पैसा कमी आणि जिव्हाळा जास्त, तो अभ्यासाला कशाला असेल?

म्हातारा दुखावला गेला, पण त्याच्या नावाचे चाक धावतच होते. १९०१ सालच्या गॉर्डन बेनेट करंडकाच्या शर्यतीसाठी सेल्विन एज या इंग्रज स्वाराने नेपियर मोटार तयार केली. ती इतकी जड आणि जोरकस निघाली, की विलायती टायर तिच्यापुढे टिकेनात. फ्रेंच टायर लावावे लागले, आणि गाडीची प्रत्येक वस्तू स्वदेशी हवी असा नियम असल्याने ती करंडकाला अपात्र ठरली. पुढल्या वर्षी एज डनलॉप टायर घेऊन आला आणि करंडक जिंकून गेला. १९०६ पासून कंपनी मोटारींची चाकेही स्वतः करू लागली. हे महत्त्वाचे होते. टायर एकाचा, कडे दुसऱ्याचे, आणि अपघात तिसऱ्याचा, ही वाटणी धोक्याची असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅमजवळ कारखान्याचे एक प्रचंड नगर उभे राहिले. 'फोर्ट डनलॉप', डनलॉपचा किल्ला. १९५० नंतरच्या भरभराटीच्या वर्षांत तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे कामाला होती.

या किल्ल्याने केलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. १९२७ साली हेन्री सीग्रेव्ह हा स्वार ताशी २०० मैलांच्या वेगाने मोटार हाकायचे म्हणून अमेरिकेत डेटोनाच्या समुद्रकाठी निघाला. मोटारीला दोन विमानी इंजिने. इतक्या वेगाने टायर कधी फिरलाच नव्हता. फोर्ट डनलॉपच्या मंडळींनी खास टायर केले, यंत्रावर फिरवून पाहिले, आणि त्याला साफ सांगितले, की ताशी २०० मैल वेगाने हा टायर साडेतीन मिनिटे टिकेल. पुढची हमी नाही.

साडेतीन मिनिटे! त्या वेगाने चर्चगेटहून निघालेला माणूस तेवढ्या वेळात पार्ल्याच्या आसपास पोचेल. तेवढेच त्याचे आयुष्य. आपल्याकडे साधा मिक्सर घ्यायला गेले तर दुकानदार 'साहेब, जन्मभर बघायला नको' असे सांगतो, आणि इथे कारखानदार आपल्या मालाची मर्यादा मिनिटांत मोजून स्वाराच्या हाती देतो. या सच्चेपणावर भिस्त ठेवून २९ मार्च रोजी सीग्रेव्हने दोन्ही दिशांनी गाडी पळवली आणि ताशी २०३.७९ मैलांचा विक्रम केला. २०० चा आकडा ओलांडणारा तो पहिला माणूस.

टायर फुटतो कशाने, हे नातवाने मला विचारले. मी त्याला पाण्याचा तांब्या हातात धरून गरगरा फिरवायला सांगितला असता, पण नुकतीच फरशी पुसलेली होती. मग कागदावर हिशेब मांडला. मोठ्या माल्कम कॅम्बेलचा मुलगा डोनाल्ड कॅम्बेल याने १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या लेक आयर या सुकलेल्या खाऱ्या तळ्यावर 'ब्लूबर्ड' मोटार ताशी ४०३.१० मैलांनी हाकली. त्याच्या डनलॉप चाकांचा व्यास ५२ इंच. म्हणजे त्या वेगाला प्रत्येक चाक सेकंदाला ४० हून जास्त फेरे घेणार. अशा वेळी चाकाच्या कडेचे एक ग्रॅम रबर बाहेर उडू पाहते ते जवळजवळ ५ किलोच्या जोराने. एक ग्रॅम म्हणजे शेंगदाण्याचे जेमतेम एक-दोन दाणे. त्यांना पाच किलो गव्हाची पिशवी टांगलेली आहे अशी कल्पना करा, आणि अशा दाण्यांचा सबंध चाकाभर हार. म्हणून विक्रमाच्या टायरवर रबर भरपूर नसते, उलट कागदासारखे पातळ असते. जाड रबर स्वतःच्या वजनानेच सोलून निघेल. त्यातून टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीवर दबतो, पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात तापतो. तार सतत वाकवली की गरम होऊन तुटते, तसे. १९३५ साली थोरल्या कॅम्बेलने अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी ३०० मैलांची वेस ओलांडली, तेव्हा पहिल्याच फेरीच्या शेवटी पुढचा टायर फुटला होता. गाडी सावरून, चाके बदलून त्याने परतीची फेरी केली. धाकट्याच्या वेळी तर तळ्यावर अवेळी पाऊस पडून मीठ ओलसर झाले होते, चाके रुतून चर पडत होते. त्या दिवशी माणसाच्या जिवाच्या आणि मरणाच्या मध्ये होते ते बर्मिंगहॅमचे पातळसे रबर आणि ते भरणाऱ्यांचा शब्द.

विक्रमांपेक्षा शर्यतीची परीक्षा निराळी. तिथे साडेतीन मिनिटांचे काम नाही. फ्रान्समध्ये ल माँ गावी वर्षातून एकदा २४ तासांची शर्यत होते. तिथल्या वाटेवरच्या कमानदार पुलाला डनलॉप पूल असेच म्हणतात. १९५३ साली जॅग्वार मोटारींनी तिथे डनलॉपचे तबकडीचे ब्रेक लावले. ही युक्ती विमानांच्या चाकांवरून आलेली. जुने ब्रेक ढोलाच्या पोटात बसत, तापले की धरत नसत. तबकडी उघड्या वाऱ्यात फिरते, म्हणून लवकर निवते. प्रतिस्पर्धी वळणाच्या पुष्कळ अलीकडे वेग कमी करायला लागत, आणि जॅग्वारचे स्वार कितीतरी पुढे जाऊन ब्रेक दाबत. त्या वर्षी रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी शर्यत जिंकली तीही ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीने, जे तोवर कधी घडले नव्हते. आज आपल्या दाराशी उभ्या असलेल्या साध्या मोटारीच्या, फार काय पोराच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकात डोकावलात तर तीच तबकडी दिसेल. त्यानंतरच्या जॅग्वारला डनलॉपने तारांच्या आऱ्यांचे चाक काढून हलक्या मिश्रधातूचे, भोके पाडलेले चाक दिले. आऱ्या ढिल्या होण्याची कटकट संपली आणि ब्रेकला वारा लागू लागला.

१९५९ ते १९६५ पर्यंतच्या प्रत्येक फॉर्म्युला वन जगज्जेत्याच्या गाडीखाली डनलॉप होता. १९६१ ते १९६३ या काळात तर त्या शर्यतींतल्या जवळजवळ साऱ्याच गाड्यांना एकाच कंपनीचे टायर. मग अमेरिकन कंपन्या मैदानात उतरल्या आणि टायर दर वर्षी रुंद, मऊ आणि चिकट होत चालले. डनलॉपचे आसन डळमळू लागले. पण पाऊस आला की गोष्ट पालटे. ओल्या रस्त्यावर वेगाने जाताना टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, आणि गाडी होडीसारखी तरंगू लागते. सुकाणू फिरवा, ब्रेक दाबा, ऐकत कोणी नाही. फोर्ट डनलॉपमध्ये या तरंगण्याचा कसून अभ्यास झाला होता आणि पाणी बाजूला सारणाऱ्या खाचा टायरवर कशा हव्यात हे त्यांना उमगले होते.

४ ऑगस्ट १९६८. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग, डोंगरातून आणि जंगलातून जाणारी जवळजवळ २३ किलोमीटरची वाट. पाऊस आणि त्यावर धुके, पुढची गाडी दिसत नाही, फक्त तिने उडवलेला पाण्याचा फवारा दिसतो. जॅकी स्टुअर्ट हा तरुण स्कॉट स्वार मनगटाचे हाड मोडलेल्या अवस्थेत, हाताला आधाराची पट्टी बांधून गाडीत बसला. शर्यत व्हावी असे त्याला वाटतही नव्हते. पण ती झाली, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या चार मिनिटे आधी पोचला. चार मिनिटे! जिथे सेकंदाच्या भागांनी निकाल लागतात, तिथे चार मिनिटे म्हणजे मागच्यांनी पावसातच मुक्काम केला म्हणायचे. स्टुअर्ट थोर स्वार खराच, पण त्याच्या डनलॉप टायरांचाही त्यात मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी तो डनलॉपवरच जगज्जेता झाला. १९७० नंतर कंपनी त्या शर्यतींतून बाहेर पडली. खर्च झेपेना.

इथे नातवाला वाटले, की गोष्ट संपली. मोठ्यांच्या गोष्टी इथे संपत नाहीत, इथून लांबतात. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच एक निराळा टायर बाजारात आणला होता, रेडियल. जुन्या टायरच्या पोटातले दोरे तिरपे, एकमेकांवर फुली मारून गेलेले असत. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पट्टा आवळलेला असतो. अंग लवचिक, तळवा ताठ. तो कमी तापतो, रस्ता घट्ट धरतो आणि कितीतरी जास्त मैल चालतो. आता टायर जास्त चालतो म्हणजे गिऱ्हाईक दुकानात उशिरा परत येते. डनलॉपची जुनी यंत्रे जुन्या टायरांची, कामगार जुन्या पद्धतीचे, नफाही जुन्याचाच. कंपनी रेडियल करू लागली, पण रेंगाळत. सीग्रेव्हला साडेतीन मिनिटांचा हिशेब तोंडावर सांगणाऱ्यांच्या वारसांना, आपल्या नेहमीच्या टायरची मुदत भरत आली आहे, हे स्वतःला सांगवेना. १९७१ मध्ये इटलीच्या पिरेलीशी सोयरीक केली, दहा वर्षांत ती मोडली. कर्ज वाढत गेले. १९८५ साली साऱ्या कंपनीची विक्री झाली, ती अवघ्या १० कोटी पौंडांच्या आसपास. युरोपातला टायरांचा धंदा त्याच सुमारास जपानच्या सुमितोमोकडे गेला. आता ही सुमितोमो कोण? तर १९०९ साली डनलॉपनेच जपानात कोबे येथे जो कारखाना घातला होता, तो पुढे जिच्या हाती गेला ती! मुलीने माहेर विकत घ्यावे तसे झाले. तरी शर्यतीचा पीळ सुटला नव्हता. १९९१ साली ल माँला माझ्दा ही पहिली जपानी गाडी जिंकली, तीही डनलॉप टायरांवर. बर्मिंगहॅममध्ये शर्यतीचे टायर करण्याचे काम मात्र २०१४ मध्ये थांबले. किल्ल्याच्या मोठ्या इमारतीत कचेऱ्या आणि हॉटेल आले आहे.

आपल्याकडचे सांगायचे राहिले. हुगळीकाठी साहागंज येथे १९३६ साली डनलॉपचा कारखाना निघाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या टायर कारखान्यांपैकी तो एक. सायकलपासून विमानापर्यंतचे टायर तिथे होत. बैलगाडीलाही हवेचे टायर आले, आणि जे काम बेलफास्टच्या डॉक्टरने पोरासाठी केले ते इथे बैलांच्या वाट्याला आले. तेवढ्याच बैलजोडीला जास्त ओझे ओढता येऊ लागले आणि तेही कमी दमछाकीत. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या रस्त्यावर ऊस भरून ओळीने उभ्या असलेल्या टायरगाड्या आपण पाहिल्या आहेत. जनावरांच्या डॉक्टरला त्या पाहून बरे वाटले असते, असे मला आपले वाटते. साहागंजची दशा पुढे विलायतेसारखीच झाली. मालक बदलले, दारे लागली, उघडली, पुन्हा लागली. २०११ मध्ये कामबंदीची नोटीस लागली ती कायमची. पिढ्यान्‌पिढ्या त्याच भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरांचे काय झाले असेल, ते आपल्या गिरणगावात राहिलेल्यांना निराळे सांगायला नको.

"म्हणजे डनलॉप बुडाली?" नातवाने विचारले.

"कंपनी बुडाली. नाव विकत घेतात, ते अजून चालतं. आता टायरवर जे नाव दिसतं ते वेगवेगळ्या मालकांचं."

"आणि त्या आजोबांचं काय झालं? दाढीवाल्या?"

"उत्तर आयर्लंडच्या एका बँकेनं दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. साधं चित्र. छडी नाही, चष्मा नाही."

त्याला ते पुरेसे वाटले असावे. तो खाली जाऊन आपल्या सायकलचा मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहू लागला. हवा कमी होती. पंप माळ्यावरच राहिला होता, म्हणून शिडी पुन्हा लावावी लागली, आणि शिडी लावलीच आहे तर म्हणून सौभाग्यवतींनी ती उशी जुन्या चादरीत बांधून माझ्या हाती दिली. ती पुन्हा होती तिथे, घंगाळाच्या मागे, जाऊन बसली आहे.